आधी मोजू या

(दहावी १९९५ तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेले भाषण, स्मरणिकेसाठी लिहून काढलेले)



आयोजकांनी मला पंधरा मिनिटं दिली आहेत आणि विषय दिला आहे 'परदेशातील अनुभव'. बर्फ, व्हिसा आणि तिथे मिळणारे आंबे यांवर मी बोलले तर तुम्ही कौतुकानं ऐकाल, पण जेवायला उठेपर्यंत विसरून जाल. म्हणून मी एकाच गोष्टीबद्दल बोलणार आहे. ती अमेरिकेतली आहे, पण आपल्या चिपळूणशी तिचं नातं आहे. ते कसं, ते पुढे येईलच.

माझं काम थोडक्यात सांगते. इंजिनीअरिंग झाल्यावर मी सॉफ्टवेअरमध्ये गेले आणि २००६ पासून पिट्सबर्ग शहराच्या दक्षिणेकडच्या एका उपनगरात राहते. कारखान्यांतल्या यंत्रांवर जे सेन्सर बसवलेले असतात, त्यांच्याकडून सतत येणारे आकडे गोळा करायचे, तपासायचे, साठवायचे आणि हवे तेव्हा सापडतील असे ठेवायचे, हे आमचं काम. आकडे कुठून आले, कोणी मोजले, कधी मोजले, हे माहीत नसेल तर आकड्याला काडीची किंमत नसते, एवढं मी वीस वर्षांत शिकले.

माझ्या घरच्या नळाला मोनोंगाहेला नदीचं पाणी येतं. ही नदी वेस्ट व्हर्जिनिया राज्यात उगम पावते आणि उत्तरेकडे वाहत पिट्सबर्गला येते. तिच्या दोन्ही काठांवर शंभरेक वर्षं कोळशाच्या खाणी आणि पोलादाचे कारखाने होते. आणि या सगळ्या प्रदेशाच्या पोटात, जमिनीखाली दोन-अडीच किलोमीटरवर, मार्सेलस नावाचा शेल खडक आहे. शेल म्हणजे चिखल दाबला जाऊन तयार झालेला, पापुद्र्यापापुद्र्यांचा काळा खडक. हा खडक सुमारे ३९ कोटी वर्षं जुना. त्यात नैसर्गिक वायू अडकलेला आहे, पण खडक इतका घट्ट की नुसतं भोक पाडून वायू वर येत नाही. आधी सरळ खाली जायचं, मग खडकाच्या थरातून आडवं दीड-दोन किलोमीटर जायचं, आणि मग वाळू व रसायनं मिसळलेलं पाणी प्रचंड दाबानं सोडून खडकाला बारीक चिरा पाडायच्या. यालाच फ्रॅकिंग म्हणतात. एका विहिरीला दीड-दोन कोटी लिटर पाणी सहज लागतं, कधी त्याहून बरंच जास्त. त्यातलं काही पाणी परत वर येतं. ते समुद्राच्या पाण्यापेक्षा कितीतरी खारट असतं आणि त्यात खोल खडकातला बेरियम, ब्रोमाइड, थोडं रेडियमसुद्धा असतं.

२००८ साली पेन्सिल्व्हेनियात या वायूची धावपळ सुरू झाली. शेतकऱ्यांच्या दारात जमिनीखालचे हक्क भाड्यानं घ्यायला माणसं उभी राहू लागली. त्याच वर्षी शरद ऋतूत पाऊस कमी झाला, नदी आटली, आणि मोनोंगाहेलाच्या पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या मर्यादेवर गेलं. नदीकाठच्या गावांना बाटलीतलं पाणी प्या असा सल्ला सरकारी खात्यानं दिला. आमच्या चहाची चव बदलली. शेजारीपाजारी सगळ्यांचं एकमत झालं की हे गॅसवाल्यांचंच काम. गॅसचं खारं पाणी तेव्हा खरोखरच गावांच्या सांडपाणी केंद्रांतून नदीत येत होतं, त्यामुळे संशयाला जागा होतीच.

इथे आपल्या गोष्टीत विद्यापीठ येतं. पिट्सबर्गपासून सव्वाशे किलोमीटरवर, नदीच्या वरच्या अंगाला मॉर्गनटाउन गाव आहे. तिथल्या वेस्ट व्हर्जिनिया युनिव्हर्सिटीत पाणी संशोधनाची एक संस्था आहे. पॉल झिमकिविच हे तेव्हा तिचे संचालक होते. त्यांच्या लोकांनी २००९ पासून मुख्य नदीवर आणि तिला मिळणाऱ्या उपनद्यांवर ठरावीक जागी, ठरावीक दिवसांनी पाण्याचे नमुने घ्यायला सुरुवात केली. नुसते क्षार मोजले नाहीत, ते कोणते क्षार आहेत हे पाहिलं. खाणीच्या पाण्यात सल्फेट जास्त असतं. गॅसच्या खाऱ्या पाण्यात क्लोराइड आणि ब्रोमाइड जास्त असतं. म्हणजे प्रत्येकाच्या बोटांचे ठसे वेगळे. आकडे मांडल्यावर दिसलं की नदीतला मोठा वाटा सल्फेटचा, म्हणजे कोळशाच्या खाणींतून उपसलेल्या पाण्याचा होता. उपाय त्यातूनच निघाला. नदीला पाणी भरपूर असेल तेव्हा जास्त उपसा सोडायचा आणि पाणी कमी असेल तेव्हा थांबायचं, असं वेळापत्रक संस्थेनं करून दिलं आणि खाणवाल्यांनी ते २०१० च्या जानेवारीपासून स्वतःहून पाळलं. २०१४ साली पेन्सिल्व्हेनियानं सल्फेटसाठी दूषित असलेल्या यादीतून ही नदी काढली.

मग गॅसवाले सुटले का? नाही. ब्रोमाइडचा ठसा त्यांच्याकडे बोट दाखवत होता, आणि पिण्याच्या पाण्यात क्लोरीन टाकताना ब्रोमाइड असेल तर त्यातून घातक संयुगं तयार होतात. २०११ च्या मे महिन्यात पेन्सिल्व्हेनिया सरकारनं गॅस कंपन्यांना सांगितलं की हे पाणी नदीत सोडणाऱ्या शुद्धीकरण केंद्रांकडे पाठवणं थांबवा. दोन दोषी, दोघांचा दोष वेगळा, आणि दोघांवरचा उपायही वेगळा. हे नुसतं भांडून कळलं नसतं.

आता त्याच गावातली दुसरी गोष्ट. मॉर्गनटाउनसमोर, नदीच्या पलीकडे एक औद्योगिक वसाहत आहे. २०११ साली तिथे दोन गॅस विहिरींना परवानगी मिळाली. जागा कुठली, तर शहर पिण्याचं पाणी उचलतं त्याच्या थोडंसंच वरच्या अंगाला. गाव खवळलं. जूनमध्ये नगर परिषदेनं शहरात आणि शहराच्या हद्दीपासून एक मैलापर्यंत फ्रॅकिंगला बंदी केली. ऑगस्टमध्ये न्यायालयानं बंदी रद्द केली, कारण हा अधिकार राज्याचा, शहराचा नाही. विहिरी झाल्या.

तीन वर्षांनी, २०१४ मध्ये, त्याच जागेवर विद्यापीठानं एक प्रयोगशाळा उभी करायचं ठरवलं. नाव मार्सेलस शेल एनर्जी अँड एन्व्हायर्न्मेंट लॅबोरेटरी. आद्याक्षरांचा उच्चार होतो 'एम-सील'. आपल्याकडे गळकी टाकी बुजवायला वापरतात ते हे नव्हे, पण काम तसं जवळचंच! वेस्ट व्हर्जिनिया आणि ओहायो स्टेट ही दोन विद्यापीठं, अमेरिकेच्या ऊर्जा खात्याची राष्ट्रीय प्रयोगशाळा, आणि विहिरी खोदणारी कंपनी नॉर्थईस्ट नॅचरल एनर्जी, असे सगळे एकत्र. पाच वर्षांसाठी सुमारे १ कोटी १० लाख डॉलर. भूगर्भशास्त्राचे प्राध्यापक टिम कार हे त्याचे प्रमुख.

२०१५ मध्ये तिथे दोन नव्या आडव्या विहिरी घेतल्या आणि त्यांच्यामध्ये फक्त मोजमापासाठी एक वेगळी विहीर खोदली. एका आडव्या विहिरीत ऑप्टिकल फायबरची तार कायमची बसवली. आपल्या घरी इंटरनेट आणते तशीच काचेची तार. तिच्यात प्रकाशाचा झोत सोडला की तारेच्या प्रत्येक बिंदूतून थोडा प्रकाश उलटा फिरून येतो. तिथे आवाज झाला, तार ताणली गेली, उष्णता बदलली, की परत येणारा प्रकाश बदलतो. म्हणजे दोन किलोमीटर खोल खडकात तुम्ही जणू हजारो कान आणि हजारो थर्मामीटर लावून बसता. ती विहीर २८ टप्प्यांत फोडली. खडकाला चिरा पडताना, पाणी शिरताना, वायू येताना त्या तारेनं ऐकलं. त्यातून कळलं की सारखं अंतर ठेवून फोडलेले टप्पे सारखा वायू देत नाहीत. खडकात आधीपासून असलेल्या चिरा पाहून टप्पे आखले तर उत्पादन सुधारतं. म्हणजे तेवढ्याच वायूसाठी कमी विहिरी, कमी पाणी, कमी ट्रक.

वर जमिनीवर दुसरी मोजणी चालू होती. खोदकामाआधीचं पाणी, खोदकाम चालू असतानाचं पाणी, नंतरचं पाणी. इंजिनांचा धूर, मिथेनची गळती, आवाज. खोदताना निघालेल्या खडकाच्या चुऱ्याची विषारीपणाची चाचणी. तिथे डिझेलऐवजी कमी घातक खोदद्रव वापरला होता, आणि त्याचा चुरा झिरपण्याच्या चाचणीत धोकादायक ठरला नाही. पण परत येणाऱ्या पाण्याचं तसं नाही. दिवस जातात तसं त्यातलं रेडियम वाढत जातं, म्हणून ते कुठे जातं यावर कडक नजर हवीच. चांगलं आणि वाईट दोन्ही एकाच अहवालात.

या मोजणीचा बराच डेटा सगळ्यांसाठी खुला आहे. माझा गॅसशी कामाचा संबंध नाही, पण फायबरचा डेटा अगडबंब असतो म्हणून आमचं सॉफ्टवेअर तपासायला मी त्यातला थोडा उतरवून घेतला होता. कोणाची ओळख लागली नाही, अर्ज करावा लागला नाही. मला त्या केंद्राबद्दल आदर वाटायला लागला तो तिथे.

आता तुमच्यातले वकील आणि पत्रकार विचारतील, की कंपनी जर भागीदार असेल तर विद्यापीठावर भरवसा का ठेवायचा? प्रश्न रास्त आहे आणि अमेरिकेत तो विचारला गेला आहे. न्यूयॉर्क राज्यात बफेलोच्या विद्यापीठानं २०१२ च्या एप्रिलमध्ये शेलवर एक संस्था काढली. पहिला अहवाल आला, त्यात चुका निघाल्या आणि लेखकांचे गॅस उद्योगाशी संबंध असल्याची टीका झाली. प्राध्यापक, विद्यार्थी, नागरिक सगळे उभे राहिले. विद्यापीठाचे अध्यक्ष होते सतीश त्रिपाठी, बनारस हिंदू विद्यापीठात शिकलेले. नोव्हेंबरमध्ये त्यांनी संस्था बंद केली. सात महिन्यांत! माझ्या दृष्टीनं दोन्ही ठिकाणांतला फरक तीन प्रश्नांत आहे. पैसा कोणाचा, हे आधी सांगितलं का? खोदण्याच्या आधी मोजलं का? आणि आकडे इतरांना तपासायला दिले का? तिन्हींचं उत्तर 'हो' असेल तर कंपनी बाजूला बसलेली असली तरी चालते. एकाचंही उत्तर 'नाही' असेल, तर कितीही मोठ्या विद्यापीठाचा शिक्का असो, मी तो अहवाल बाजूला ठेवीन.

यातला मधला प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. पेन्सिल्व्हेनियाच्या डिमॉक गावात २००९ च्या १ जानेवारीला एका घराच्या पाण्याच्या विहिरीत साठलेल्या मिथेनचा स्फोट झाला. गॅस आला कुठून, यावर वर्षानुवर्षं वाद झाला, कारण त्या भागात काही विहिरींत निसर्गतःच मिथेन असतो. आधी किती होता? पुरेशी नोंद नव्हती. पुढे २०१२ च्या कायद्यानं पेन्सिल्व्हेनियात एक शहाणपणाची तरतूद केली. शेल विहिरीपासून २,५०० फुटांच्या आत, काम झाल्यावर वर्षभरात पाणी बिघडलं, तर दोष कंपनीचाच असं गृहीत धरायचं. आधीपासून पाणी खराब होतं असं म्हणायचं असेल तर खोदण्यापूर्वी घेतलेली तपासणी कंपनीनं दाखवायची. परिणाम काय झाला? कंपन्या धावत जाऊन लोकांच्या विहिरी आधीच तपासू लागल्या. सिद्ध करायचं ओझं गरिबाच्या खांद्यावरून उचलून ज्याच्याकडे पैसा आहे त्याच्यावर ठेवलं, की मोजमाप आपोआप होतं.

अशा आकड्यांचे ढीग साठले. पेन स्टेट विद्यापीठात सुझन ब्रँटली या भूरसायनशास्त्राच्या प्राध्यापिका आहेत. त्यांनी सरकार, कंपन्या, नदीवर काम करणारे स्वयंसेवक, सगळ्यांचे आकडे एकत्र आणायला सुरुवात केली आणि हे सगळे लोक एका खोलीत बसतील अशा बैठका भरवल्या. मग संगणकशास्त्राच्या लोकांना बरोबर घेतलं. २०१८ मध्ये त्यांनी ब्रॅडफर्ड काउंटीतल्या २०,००० हून अधिक नमुन्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. १,३८५ शेल विहिरींपैकी ७ विहिरींजवळ मिथेन किंचित वाढल्याचं दिसलं. काही बाबतींत तर भूजल पूर्वीपेक्षा सुधारलेलं होतं. सात म्हणजे फार नाही. पण ज्याचं घर त्या सातांपैकी एका विहिरीजवळ आहे, त्याला शेकडेवारी सांगून भागत नाही. त्याला 'ती विहीर हीच' असं बोट ठेवून सांगावं लागतं, आणि ते या कामामुळे सांगता आलं.

मी शेलची वकिली करायला उभी नाही. 'शाश्वत' हा शब्द त्या वायूच्या शेजारी मांडताना मलाही अडखळायला होतं. जमिनीतला वायू एकदा जाळला की संपला. अमेरिकेत २००५ च्या सुमारास निम्मी वीज कोळशावर व्हायची, ती आता पाचव्या हिश्शाच्याही खाली आली, त्यात या वायूचा मोठा वाटा आहे. हे खरं. पण न जळता गळलेला मिथेन वीस वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या ८० पटींहून जास्त तापवतो, हेही खरं. आणि वेस्ट व्हर्जिनियात कोळसा गेल्यावर गावंच्या गावं रिकामी होत आहेत, तिथल्या माणसाला वायू म्हणजे मुलाची फी वाटते, हेही तितकंच खरं. तिन्ही खरी एकदम हातात धरायची असतील, तर कोणीतरी बाजू न घेता मोजत राहावं लागतं. विद्यापीठाचं केंद्र त्यासाठी.

आता आपल्याकडे येते. आपल्या पायाखाली जांभा, त्याखाली काळा पाषाण. शेलचा वायू इथे निघणार नाही. भारतात ओएनजीसीला २०११ साली दामोदर खोऱ्यात, दुर्गापूरजवळ तो सापडला, ती गोष्ट वेगळी. पण ३० मार्च २०१८ रोजी दीर्घ मुदतीच्या कराराखालचा अमेरिकेतला द्रवरूप वायू घेऊन गेलचं पहिलं जहाज भारतात आलं, ते कुठे लागलं ठाऊक आहे? दाभोळला. आपल्या वाशिष्ठीच्या मुखाशी. गेलचा दुसरा करार मेरिलँडच्या कोव्ह पॉइंट बंदराशी आहे, जिथे मार्सेलसचा वायू पोचतो. माझ्या नदीच्या खोऱ्यातला वायू आणि तुमची खाडी यांचं नातं असं जुळलं आहे.

आणि दाभोळ म्हटलं की आपल्या पिढीला काय आठवतं ते मी सांगायला नको. एन्रॉन. आपण दहावी झालो त्याच वर्षी, १९९५ च्या ऑगस्टमध्ये, ते कंत्राट सरकारनं रद्द केलं. पुढे पुन्हा करार झाला, प्रकल्प उभा राहिला आणि २००१ मध्ये बंदही पडला. आपल्या वर्गातले काही गुहागर बाजूचे. कोणाचे काका मोर्चात, कोणाचे मामा ठेकेदाराकडे कामाला. मधल्या सुट्टीत दोन तट पडायचे. एक म्हणायचा खाडी मरणार, दुसरा म्हणायचा नोकऱ्या येणार. दोघंही मनापासून बोलत होते. पण खाडीत तेव्हा पाणी कसं होतं, मासा किती येत होता, विहिरींची चव काय होती, याची लिहून ठेवलेली एक वहीसुद्धा दोघांपैकी कोणाकडे नव्हती.

आजही नाही. दर काही वर्षांनी आपल्या खाडीत मासे मरून वर येतात. कोळी बांधव तक्रार करतात, नमुना घ्यायला माणूस येईपर्यंत दोन भरत्या-ओहोट्या होऊन जातात, आणि कागदावर काहीच उरत नाही. शिवाय आपली वाशिष्ठी साधी नदी नाही. कोयनेच्या वीजघरांतून सोडलेलं पाणी तिला मिळतं. वीजनिर्मिती चालू असेल तेव्हा नदी भरलेली, नसेल तेव्हा रोडावलेली. मोनोंगाहेलाचा धडा इथे जसाच्या तसा लागू होतो: नदीला पाणी किती होतं हे शेजारी लिहिल्याशिवाय प्रदूषणाच्या आकड्याला अर्थ नाही.

आपल्या तुकडीनं शाळेला पाणी शुद्धीकरणाचं यंत्र द्यायचं ठरवलं आहे. उत्तम. माझी विनंती अशी, की पाणी गाळून देतो आहोत, तर ते मोजूनही देऊ या. बारा जागा निवडू: शाळेची विहीर, गावातल्या आणि आजूबाजूच्या वाड्यांतल्या काही विहिरी, नदीवर तीन ठिकाणं, खाडीच्या तोंडाशी एक. वर्षातून चार वेळा नववीची मुलं विज्ञानाच्या शिक्षकांबरोबर जातील. क्षारांचा मीटर काही शे रुपयांना मिळतो, आम्ल-अल्क पाहायचा मीटर त्याहून थोडा महाग. तापमान, वेळ, भरती की ओहोटी, नदी भरलेली की आटलेली, हे सगळं वहीत. वर्षातून एकदा दोन-तीन नमुने मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत, म्हणजे आपले मीटर खरं बोलतात का ते कळेल. वही शाळेच्या कपाटात, आणि तिची प्रत सगळ्यांना पाहता येईल अशी संगणकावर. ते काम माझ्याकडे. पैसे कोणी दिले, हे पहिल्या पानावर लिहू. कुठल्याही कारखान्याचा पैसा घ्यायचा नाही, आणि कुठल्याही पक्षाचाही नाही.

यातून उद्या कोणी तुरुंगात जाणार नाही की कारखाना बंद होणार नाही. मीटरला मासा कशानं मेला हे कळत नाही. पण कालपर्यंत पाणी कसं होतं आणि आज कसं आहे, हे तो सांगू शकतो. दहा वर्षांनी इथे नवा प्रकल्प येईल. येणारच. तेव्हा आपल्या मुलांमध्येही दोन तट पडतील, पडू देत. पण दोघांच्या समोर एकच वही असेल. मोर्चा काढणाऱ्याला तिचा उपयोग होईल आणि प्रामाणिक कारखानदारालासुद्धा.

सर आणि बाई, प्रयोगवहीत निरीक्षण आधी लिहा, निष्कर्ष नंतर, असं तुम्ही आम्हाला शिकवलंत. निष्कर्षाची जागा कोरी ठेवली तरी चालेल, निरीक्षणाची नाही, हे तुमचं वाक्य मी माझ्या हाताखालच्या मुलांना इंग्रजीतून ऐकवते. आता ते पुन्हा मराठीत, याच शाळेत कामाला लावू या.

पहिली नोंद येत्या मे महिन्यात, पाऊस पडायच्या आधी घ्यायची आहे. बारापैकी पाच जागांना माणसं मिळाली आहेत, सात रिकाम्या आहेत. आपल्या वाडीतली विहीर द्यायची असेल त्यांनी जेवणाच्या पंगतीत मला गाठावं. वही आणि पेन मी बरोबर आणलं आहे.